वाळूत बुडालेलं गाव आणि इराचं चौथं कारण

दुबईला जायचं ठरलं ते एका फोनमुळे. माझी नात इरा, वय दहा, म्हणाली, "आजी, मला असेंब्लीत बोलायचंय. लास्ट टाइम मी स्टेजवर फ्रीझ झाले. तू ये ना." विषय होता, इंग्रजांनी समुद्रापार वसाहती का आणि कशा वसवल्या. हाच धडा मला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवला होता आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. मी बॅग भरली.

लेक सुखदा आणि जावई निखिल दुबईच्या सिलिकॉन ओएसिस या वस्तीत राहतात. इमारती देखण्या, सावली नावालाही नाही. इराने शाळेचा कागद दाखवला. सोनं, देव, कीर्ती. तीन कारणं, तीन चित्रं, खलास. चित्रात रुबाबदार साहेब होडीतून उतरत होते आणि किनारा रिकामा होता. तिथे राहणारी माणसं कुठे गेली, असं मी विचारलं. इरा म्हणाली, "नॉट इन द सिलॅबस." सुखदाने मला दटावलं की पोर आधीच घाबरलीय, कागदावर आहे तेवढंच पाठ होऊ दे. मी तिचं ऐकलं. फार वेळ नाही.

शनिवारी आम्ही अल मदामला, वाळूत बुडालेल्या ओसाड गावी गेलो. हत्ता रस्त्याने तासाभरात पोचता येतं, तिकीट नाही. वाटेत टपरीवरचा कडक चहा जरूर घ्या; दोन दिरहम, म्हणजे जवळजवळ पन्नास रुपये, असं निखिल मोठ्याने म्हणाला आणि चहाची चव थोडी गेली. थंडीच्या दिवसांतच जा. गाडी डांबरी रस्त्यावर ठेवा आणि चालत जा. निखिलला मीही हेच सांगितलं होतं. त्याने गाडी वाळूत घातली आणि ती तिथेच रुतली.

गाव मात्र विलक्षण. घरांच्या दोन रांगा आणि एक मशीद, आणि माणूस एकही नाही. दारातून वाळू आत शिरून खिडक्यांपर्यंत चढली आहे. आतल्या भिंतींचा निळा, हिरवा रंग अजून टवटवीत. लोक का गेले? कुणी जिन्न-भुतांचं नाव घेतं, कुणी वाळूचं. मी इराला सांगितलं, इंग्रजांची अमेरिकेतली एक अगदी सुरुवातीची वसाहत अशीच रिकामी सापडली होती. माणसं कुठे गेली, अजून कुणाला ठाऊक नाही. ती वाळूत बसून ऐकत राहिली.

मग भूक लागली. निखिलच्या ऑफिसातली आणखी दोन कुटुंबं बरोबर होती. काय आणायचं ते व्हॉट्सॲपवर ठरलं होतं आणि प्रत्येकाने सोपं तेच निवडलं होतं. तीन पोती कोळसा, दोन स्पीकर, एक ड्रोन. खायला वेफर्सची दोन पाकिटं. निखिल धरून तिन्ही इंजिनियर शेगडीचं तोंड कोणत्या दिशेला हवं यावर चर्चा करत होते.

"बघ," मी इराला म्हटलं, "लंडनच्या व्यापाऱ्यांनी कंपनी काढली, शेअर विकले आणि अमेरिकेतल्या पुढच्या वसाहतीला अशीच माणसं पाठवली. बरेचसे साहेब. कुदळ कधी धरली नव्हती. सोनं शोधत हिंडले, पुरेसं पेरलं नाही आणि उपाशी मेले."

"सगळे?"

"उरले ते तिथल्या लोकांच्या मक्यावर. देवासाठी आलेले लोक नंतरचे."

पलीकडच्या भिंतीशी एका कुटुंबाने चटई पसरली होती. आमचं मराठी ऐकून त्यातल्या जुबेदाबाई उठून आल्या. मूळच्या श्रीवर्धनच्या, आता राहायला दुबईतल्या अल कुसैसला. "मावशी, पोरांना आधी जेवू घाला. गाडी कुठं पळतेय? रुतलीच आहे ना," असं म्हणून त्यांनी कोलंबीभाताचं टोप आमच्यासमोर ठेवलं. इंजिनियर मंडळी सगळ्यांत आधी बसली.

जेवता जेवता इराने विचारलं, "मग त्यांनी मक्याच्या बदल्यात काय दिलं?"

"आधी मणी आणि तांबं. मग जिथे मका पिकायचा ती जमीनच घेतली."

तिचा घास हातातच राहिला. मग ती उठली आणि कोळशाचं एक पोतं फरफटत जुबेदाबाईंपाशी घेऊन गेली. त्या हसून हसून खाली बसल्या. म्हणाल्या, "हे आमच्याकडे पेटव. पुढच्या जुम्म्याला जेवायला ये, इन्शाल्ला." त्यांच्या दिरांनी गाडी ढकलून काढली.

सोमवारी असेंब्लीत पालकांना मागे उभं राहायची परवानगी होती. इराने तिन्ही कारणं धडाधड म्हटली आणि थांबली. सुखदाने माझं मनगट घट्ट धरलं. पुन्हा गोठली, असंच वाटलं मला. मग ती इंग्रजीत बोलू लागली. मी मराठीत देते.

"ही झाली येण्याची तीन कारणं. चौथं टिकण्याचं. ते जगले, कारण तिथल्या लोकांनी त्यांना जेवू घातलं. मग त्यांनी त्याच लोकांची जमीन घेतली. हे आपल्या चित्रात नाही."

खाली उतरताना ती माझ्याकडे नाही, आईकडे बघत होती. सुखदा टाळ्या वाजवत होती.

आता नाशिकला परत आलेय. शेजारणी उंच इमारतींचे फोटो मागतात. माझ्याकडे आहेत खिडकीतून आत आलेल्या वाळूचे, आणि पोतं ओढून तोंडाला कोळसा लागलेल्या एका मुलीचा. जुबेदाबाईंकडचं जेवणही झालं, त्यावर मी वेगळं लिहिणार नाही. तुम्ही स्वतः ओळखी करा.

काल इराचा फोन आला. कागदाबाहेरचं बोलल्याबद्दल शाळेतल्या बाईंनी एक मार्क कापला होता. मी लगेच शाळेला खरमरीत पत्र लिहायची भाषा सुरू केली.

"नको आजी," ती म्हणाली, "इट वॉज वर्थ वन मार्क."