सोजरबाईचं एक ताट

हैदराबादच्या थीम पार्कच्या दारात बेला गावच्या सुरेंद्रला आपलं तेलुगू दाखवायची हुक्की आली आणि तिथंच घोटाळा झाला. वॉचमननं बिचाऱ्यानं काही विचारलंही नव्हतं. यानंच होऊन सांगून टाकलं, की पिशवीत घरच्या भाकरी आहेत. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी. पिशवी दारातच राहिली.

आता खिशात जेवणासाठी हजार रुपये आणि सोबत दोन पोरं, तीही खाण्यात नखरेल. सुरेंद्रच्या जिवाला घोर लागला. करणला नूडल्स घेतल्या, मयूरीला पिझ्झा. पोरांनी एकेक घास चाखून तोंड फिरवलं आणि पाळण्याकडं धूम ठोकली. हा ताटं घेऊन मागं मागं. "अरे, दोन घास तरी खा रे!" सहाशे रुपये असेच गेले.

त्याची माय सोजरबाई मात्र निवांत. कापूस वेचायला गेल्यावर बांधावरसुद्धा तिनं पोरांना कधी जेवायला हाक मारली नाही. आपली शिदोरी सोडून खुशाल खायला बसायची. इथंही तिनं एक दहीभात घेतला, मिरची बाजूला काढली आणि सावलीत बसून चवीनं खाऊ लागली.

"माय, पोरं उपाशी अन् तू जेवून राह्यली?"

तिनं पुढचा घास घेतला. जरा वेळानं मयूरी येऊन तिला टेकली, मागोमाग करण.

"आजी, मले बी दे ना."

ताट चाटूनपुसून साफ झालं.

सुरेंद्रनं पावती पाहिली. "दीडशे रुपयाचा दहीभात! लय महाग पडला, माय."

"तुह्या तेलुगूपक्षा सस्ताच हाय."