सुरूच्या बनातला देवचार

मालवणच्या किनाऱ्याला कसं जायचं, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. मी पहिल्यांदा गेले ती ऐंशीच्या दशकात, आणि फिरायला नव्हे. कोल्हापूरच्या आमच्या महिला मंडळाने तिथल्या एका कॉलेजात मैत्रीण-वर्ग सुरू केले होते. छेडछाड, जबरदस्ती यांपासून सावध कसं राहायचं, हे मोठ्या मुलींनी धाकट्यांना शिकवायचं. त्याचा काही उपयोग होतोय का, ते मला तपासायचं होतं.

सकाळची एस.टी. धरा आणि गगनबावड्याच्या घाटात खिडकी सोडू नका. वैभववाडीला चहा, कणकवलीला गाडी बदलायची. स्टँडसमोरच्या खानावळीत तेव्हा पाच रुपयांत बांगड्याचं तिखलं आणि भात मिळाला. वर वाढणाऱ्या मावशींच्या चौकशा फुकट! आचऱ्याच्या अलीकडे उतरले, तर वर्ग सांभाळणारे सर छत्री घेऊन न्यायला आलेले. फारच अगत्याचे गृहस्थ.

कॉलेजची वाट सुरूच्या बनातून होती. टळटळीत दुपार, समुद्र हाकेवर, पण त्याचा आवाज आत येत नव्हता. समोरून गप्पा मारत येणाऱ्या मुली आम्हाला पाहून एकदम गप्प झाल्या आणि काट्यांत शिरून आडवाटेने निघून गेल्या.

"लाजतात," सर हसले.

सुरूच्या गळलेल्या पानांच्या मऊ थरावर पावलं वाजत नाहीत. सर माझ्या किती मागे आहेत, तेच कळेना. मी दोनदा वळून पाहिलं, आणि स्वतःलाच भित्री म्हटलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्नांचे कागद वाटले. पहिल्या वर्षाच्या सुलभाने विचारलं, "मॅडम, ह्ये कागद कोण वाचतलो?"

"सर गोळा करतील, मग मी वाचेन."

तिने पेनाला टोपण लावलं. थोड्या वेळाने परत काढलं.

परतीच्या गाडीत कागद चाळले. भीती कुठे वाटते? सगळ्यांचं एकच उत्तर: सुरूच्या बनात. कुणाची? देवचाराची. इतके वर्ग घेऊन शेवटी भुतंखेतं! मी चिडून लाल पेनाने वर्गांचे गुण कापले.

कणकवलीला मावशींना हे हसत सांगितलं. त्यांचा वाढता हात थांबला.

"देवचार गावचो राखणदार. वाट चुकलेल्याक घराक पोचयता. चेडवांका, पोरींका भियवता तो देवचार न्हय गो बाये. कोणतरी माणूस आसा."

जेवण टाकून मी उलटी गाडी पकडली. सुलभा वसतिगृहाच्या विहिरीवर एकटीच भेटली. देवचार म्हणजे कोण, विचारल्यावर तिने कळशी खाली ठेवून आधी आजूबाजूला पाहिलं.

"त्येच्याकडे छत्री आसा, मॅडम. तुमी त्येच्याच वांगडा इलात." मी सरांसोबतच आले होते. मग ती घाईने म्हणाली, "माझा नाव घेव नकात. बाबांका समाजला तर माझा कॉलेज बंद."

मी तिला शब्द दिला, तो पाळला.

कोल्हापूरला येऊन अहवाल लिहिला. मोठ्या मुलींनी धाकट्यांना आडवाट दाखवली होती, घोळक्याने चालायला शिकवलं होतं, सरांच्या नजरेखालून खरं लिहायलाही शिकवलं होतं. वर्ग पास झाले होते, नापास मी. लाल रेघा बघून मला स्वतःची लाज वाटली. अहवाल मिळूनही कॉलेजच्या संस्थेने चौकशी केली नाही, सरांना गुपचूप दुसऱ्या कॉलेजात पाठवलं.

काही महिन्यांनी सुलभाचं पत्र आलं. आता आम्ही बनातूनच जातो, समुद्र ऐकू येतो, असं तिने लिहिलं होतं. आणि अगदी खाली, "मॅडम, तो आता खंयच्या वाटेर आसा?"

पत्र अजून माझ्याकडे आहे. तो कुठल्या वाटेवर आहे, याचं उत्तर लिहिणं जमलेलं नाही.