लखनादौन, सिवनी आणि संध्याकाळी परत

वर्तमानपत्रात जे छापून येतं ते आठवड्यात रद्दीत जातं, आणि जे छापता येत नाही ते कचेरीत साठत राहतं. जबलपुरात बड्या फुहाऱ्याजवळ, म्हणजे मोठ्या कारंज्याच्या चौकात, एका कापडदुकानाच्या माडीवर आमच्या साप्ताहिकाची कचेरी होती. तिथे बातम्यांचा नेहमी तुटवडा असायचा, किश्शांचा कधीच नाही. चार जुने लोक भेटले की मला ते सांगायला लावतात, आणि सांगता सांगता माझं डोकं पुन्हा तितकंच फिरतं!

आज फक्त एका ट्रिपबद्दल सांगतो. जबलपूरहून पहाटे निघायचं, दक्षिणेकडची लखनादौन आणि सिवनी ही दोन गावं करायची, आणि त्याच दिवशी संध्याकाळी परत यायचं. बस! आजची मुलं म्हणतील, यात काय एवढं? बाबांनो, तेव्हा मध्यप्रांत होता, रस्ता मुरमाचा होता, आणि मोटार ही घोड्यापेक्षा जास्त अडणारी वस्तू होती.

*

भानगड अशी झाली. बांधकाम खात्याचे एक बडे साहेब होते. त्यांचा सत्कार झाला. सत्काराला उत्तर देताना साहेब म्हणाले, "मी सकाळी लखनादौनचा पूल तपासतो, दुपारी सिवनीचा रस्ता तपासतो, आणि संध्याकाळी क्लबात टेनिसला हजर असतो!"

टाळ्या पडल्या. मी त्याच रस्त्याने बैलगाडीतून, लॉरीतून, एकदा तर रस्ता दाबायच्या इंजिनावर बसून गेलेलो. मी कशाला टाळ्या वाजवतो! मी रिपोर्टमध्ये सरळ लिहिलं, 'हे एका दिवसात होणे शक्य नाही. साहेबांनी पूल पाहिला असेल तर तो टेनिसच्या जाळीतून.'

अंक निघाल्यावर तिसऱ्या दिवशी साहेबांचा निरोप आला. आरोप सिद्ध करा, नाहीतर पहिल्या पानावर माफी छापा, नाहीतर कोर्टात भेटू.

आमचे संपादक नानासाहेब. उभ्या आयुष्यात त्यांनी माफी छापली नव्हती. घरातसुद्धा मागितली नव्हती, असं त्यांच्या सौभाग्यवती सांगायच्या. त्यांनी निरोप वाचला, चष्मा काढला, आणि शांतपणे मला म्हणाले, "माफी छापावी लागली, तर त्याच पानावर तुझा राजीनामाही छापीन. खालच्या कोपऱ्यात जागा आहे!"

*

तोडगा काढला आमच्या वकिलांनी. बापूराव वकील. मराठी वस्तीत तेव्हा स्वतःची मोटार असलेला हा एकच गृहस्थ, त्यामुळे कायद्यापासून लग्नापर्यंत सगळ्यांत त्यांचा सल्ला चालायचा.

"आपणच जाऊन पाहू," बापूराव म्हणाले. "पहाटे निघू. संध्याकाळपर्यंत परत येणं झालं नाही की कोर्टात सांगू, आम्ही स्वतः करून पाहिलं."

साहेबांनी कबूल केलं. साक्षीदार म्हणून स्वतःचे हेडक्लार्क ढोबळे यांना पाठवायचं ठरवलं. ढोबळे मूळचे वर्ध्याकडचे, गोल, गोड आणि अत्यंत साहेबनिष्ठ. साहेब शिंकले तर हे रुमाल काढायचे.

मी बजावलं, "एक लक्षात ठेवा. मुद्दाम उशीर करायचा नाही. कुठे उगाच थांबायचं नाही. खरा प्रयत्न करायचा आणि खरोखर हरायचं. ढोंग साहेब करतात, आपण नाही!"

नानासाहेब म्हणाले, "अरे, पण आपल्याला ढोंगाची गरजच काय? आपले लोक पाहिलेस ना?"

*

पहिली मीटिंग. मी नकाशा पसरला. म्हटलं, कुठून किती वाजता निघायचं ते ठरवू.

बापूराव म्हणाले, "लखनादौनला माझी आतेबहीण आहे. तिच्या दारावरून मोटार गेली अन् मी उतरलो नाही, तर ती मला मेल्यावरही माफ करणार नाही."

नानासाहेब म्हणाले, "सिवनीला माझे साडू आहेत. चहा तर घ्यावाच लागेल."

"फक्त चहा?" मी विचारलं.

"त्यांच्याकडे चहाबरोबर पुरणपोळी असते."

"आणि पुरणपोळीनंतर?"

"पुरणपोळीनंतर माणूस काय करतो? झोपतो!"

मी नकाशाची गुंडाळी केली. "आपण रस्ता तपासायला चाललोय की केळवणाला?"

नानासाहेबांनी सुस्कारा सोडला. "म्हणूनच तो साहेब असा बोलून राहिला ना! त्याचं कोणी सोयरं नाही त्या रस्त्यावर."

शेवटी तह झाला. दोन्ही घरी कळवायचं की दारात उभे राहा, आम्ही चालत्या गाडीतून नमस्कार करू. या एका कलमाला आमची आख्खी संध्याकाळ गेली!

*

बातमी दाबणं सरकारलाही जमत नाही, मग आम्हांला कसं जमणार? मोटार सिवनीला जाते आहे हे वस्तीत फुटलं. दुसऱ्या दिवसापासून कचेरीत बायका यायला लागल्या.

एकीने मुलीसाठी पापडांचा डबा आणला. दुसरीने लोणच्याची बरणी. एका काकूंनी शिवणयंत्राचं डोकं आणलं, टेबलावर आपटलं, आणि म्हणाल्या, "जावयाला द्यायचं आहे. जपून न्या, सुई तुटेल."

मी हात जोडले. "काकू, ही मालगाडी नाही. आम्ही कामाला जातोय. गाडीत माणसंच दाटीवाटीने बसणार आहेत."

"माणसं बसू देत की," काकू म्हणाल्या. "मांड्या तर रिकाम्याच असतील!"

*

निघायच्या दिवशी पहाटे पुढच्या सीटवरून भांडण. गाडी बापूरावांची, चालवणारही तेच. शेजारी कोण?

नानासाहेब म्हणाले, "संपादक मागे बसत नसतो."

ढोबळे म्हणाले, "मी इथं ढोबळे म्हणून नाही आलो जी. मी सरकार म्हणून आलो. सरकार मागे काहून बसेल?"

मी म्हटलं, "सरकार नेहमी मागेच असतं, ढोबळे. आम्ही तेच तर छापतो!"

ढोबळे रुसून फुटपाथवर जाऊन उभे राहिले. उजाडायला लागलं. दूधवाले येऊन गेले. अखेर पुढच्या सीटवर लोणच्याची बरणी बसली, कारण आमच्यात सांडण्याची भीती फक्त तिचीच होती.

*

तिलवारा घाट आला. जबलपूरचा माणूस नर्मदा दिसल्यावर थांबला नाही, असं घडलेलं मी तोवर पाहिलेलं नव्हतं. मी ओरडत होतो, "थांबू नका! चालत्या गाडीतून नमस्कार करा!" पण बापूरावांनी इंजिन बंद केलं, जोडे काढले, खाली उतरून हात जोडले, "नर्मदे हर!"

परत येऊन हँडल फिरवलं. इंजिन चालू होईना. नानासाहेबांनी फिरवलं. ढोबळ्यांनी फिरवलं. मी फिरवलं, तेव्हा हँडल उलटं फिरून माझ्या मनगटावर बसलं.

घाटावरचा एक पुजारी मघापासून बघत होता. तो म्हणाला, "मैया ने रोक लिया है. कोई पाप होगा."

मी खवळून म्हटलं, "पाप नाही, महाराज, बॅटरी आहे!"

तो म्हणाला, "पाप की ही बॅटरी होगी."

बैल जोडून मोटार परत आणली. मी मात्र मनातून खूश. मनगट सुजलं होतं, पण नोकरी वाचली होती! जबलपूरच्या वेशीतून बाहेर पडतो न पडतो तोच ट्रिप संपली, याहून मोठा पुरावा कोणता?

तेवढ्यात ढोबळे म्हणाले, "हे नाही धरता येणार जी. साहेबांची गाडी नवी आहे. ह्या खटाऱ्यावरून साहेबांना खोटं ठरवता काय? चांगली गाडी आणा, चांगला ड्रायव्हर आणा, मंग बोला."

खटारा म्हटल्यावर बापूराव घरी निघून गेले, ते त्या ट्रिपमधून कायमचे. पण मुद्दा ढोबळ्यांचा बरोबर होता, आणि हेच मला सहन होत नव्हतं.

*

मग नानासाहेबांनी जिद्दीने जिल्ह्यातला सगळ्यात चांगला ड्रायव्हर शोधला. म्हणजे उद्या कोणी बोलायला नको! गफूरमियाँ. सिवनी रस्त्यावर प्रवासी लॉरी चालवायचे. मेंदी लावलेली दाढी, डोळ्यांत सुरमा, आणि रस्ता स्वतःच्या वडिलांनी बांधल्यासारखा रुबाब. एका शेठजींची नवी मोटार दिवसभरासाठी मिळाली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण गफूरमियाँ काम समजून घ्यायला कचेरीत आले, आणि नानासाहेबांनी त्यांना मोकळेपणाने सगळं सांगितलं. वर म्हणाले, "मियाँ, आप बेफिकर चलिए. ये एक दिन में होनेवाला ही नहीं है. किसी के बाप से नहीं होगा!"

गफूरमियाँ उठून उभे राहिले.

"काए बाबूजी, जे कौन ने कही?"

"हमने अखबार में छापा है."

"तो अखबार में गलत छपा है," गफूरमियाँ म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

मी कपाळावर हात मारला. "नानासाहेब, हे काय केलंत?"

"काहून? खरं तेच तर सांगितलं!"

*

त्या दिवशी अंधारातच गाडी निघाली. तिलवाऱ्याला गफूरमियाँनी एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने नर्मदेला आदाब केला, पण गाडी थांबवली नाही. बरगी गेली. धूमा गेलं. कोंबड्या, बकऱ्या, एक पोलीस, सगळे रस्त्याकडेला उड्या मारत होते.

लखनादौनला बापूरावांची आतेबहीण दारात आरतीचं तबक घेऊन उभी होती. भाऊ गाडीत नाही हे तिला कोणी कळवलंच नव्हतं. तिने नानासाहेबांनाच ओवाळायला हात उचलला, तोवर आम्ही पुलावर होतो. ढोबळे उतरले, पूल पाहिला, बसले. गाडी चालू.

सिवनीत तर कहर! नानासाहेबांचे साडू रस्त्याच्या मधोमध उभे होते, हातात पुरणपोळ्यांचं ताट. गफूरमियाँनी त्यांना वळसा घातला. साडू ताट घेऊन मागे धावू लागले, धोतराचा सोगा एका हातात! "अहो नाना! निदान एक तरी!"

नानासाहेब काकुळतीला आले. "मियाँ, जरा चाय?"

"चाय जबलपूर में."

"अरे, लघुशंका तरी?"

"वो भी जबलपूर में."

रस्ता तपासून झाला आणि आम्ही उलटे फिरलो. माझ्या मांडीवर शिवणयंत्राचं डोकं तसंच होतं, ते उतरवायलाही सवड मिळाली नव्हती. परतीच्या वाटेवर मी सूर्याकडे बघत होतो. एरवी भराभर खाली उतरणारा सूर्य त्या दिवशी जागचा हलत नव्हता! मनात म्हटलं, एक टायर फुटू दे. एक म्हैस आडवी येऊ दे. पण तोंडाने बोलायची सोय नव्हती, कारण मुद्दाम थांबायचं नाही हे मीच बजावलं होतं. वाटेत एक म्हैस आलीही. गफूरमियाँनी नुसतं तिच्याकडे बघितलं आणि ती बाजूला झाली.

*

ऊन अजून घरांच्या कौलांवर होतं, तेव्हा आम्ही फुहाऱ्याला पोचलो. क्लबात अजून टेनिसचा पहिला डावही झाला नसेल.

कचेरीखाली वस्तीतले लोक जमले होते. गफूरमियाँनी गाडीतून उतरून दाढीवरची धूळ झटकली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, "काए बाबूजी, जे कौन ने कही थी?"

नानासाहेब पायरीवर बसले. एका दिवसात दहा वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे. मला म्हणाले, "लिही."

मी खिशातून कागद काढला.

"'आमच्या प्रतिनिधीच्या बेजबाबदार लिखाणाबद्दल'..." नानासाहेब थांबले. माफीची भाषा त्यांना येतच नव्हती. "पुढे काय लिहितात रे?"

"'आम्हांस खेद होतो,'" मी म्हटलं.

"लिही तेच. आणि खाली तुझा राजीनामा."

मी लिहीत होतो. तेवढ्यात मागच्या सीटवरून ढोबळे उतरले. टोपी वाकडी, तोंडभर धूळ. खांबाला धरून ते उभे राहिले. त्यांनी एकदा कौलांवरच्या उन्हाकडे पाहिलं, एकदा गाडीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा खुलला.

"अहो, कमाल झाली जी!" सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात ढोबळे म्हणाले. "म्हणजे हे खरंच होऊन राहते तर! आत्ताच्या आत्ता बंगल्यावर जाऊन साहेबांना सांगतो, पुढच्या टायमाले तुम्ही सच्चीमुच्ची जाऊन या म्हणतो!"