उम्म मुबारकच्या ताफ्यातला दादा

माणूस जिवंत असताना त्याचे दोनच किस्से असतात, गेल्यावर रोज नवा निघतो. महेशदादाला जाऊन दोन महिने झाले. इथं आखातात, फरवानियाच्या आमच्या खोलीत जे त्याच्या घोरण्याला शिव्या घालायचे, तेच आता त्याचे किस्से सांगतात. मीही त्यातलाच.

*

दादा राई नावाच्या भागातल्या एका गॅरेजमध्ये गाड्यांचे एसी दुरुस्त करायचा. तिथं उम्म मुबारक व्हॅन घेऊन आली. ही इथली गायिका. तिच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम करून आणलेलं. अंगात येणाऱ्यांसाठी त्यांनी जपलेली गाणी ती गाते. एसी होईपर्यंत ती गात बसली. दादाला वाटलं, गावच्या देवळात गुरव गाऱ्हाणं घालतोय. ओळ संपताच, गाऱ्हाण्याला गावकरी देतात तसा, बॉनेटखालून तो ओरडला, "व्हय म्हाराजा!"

बाई म्हणाली, "फिर बोलो."

*

तेव्हापासून दर शुक्रवारी दादा तिच्या ताफ्यात. ओळ अरबी, नाहीतर त्याहून जुन्या कुठल्या भाषेतली, उत्तर मालवणी. मी चिडवलं, "तुका तरी अर्थ कळता?"

"गावच्या गाऱ्हाण्यातला तरी माका सगळा खंय कळता?"

*

हे लोक बकऱ्याच्या खुरांचा पट्टा कमरेला बांधून वाजवतात. दादानं तो एकदा दोरी बदलायला खोलीवर आणला. आमचा स्वयंपाक बघणारे शंकरकाका पट्टा निरखत म्हणाले, "पाया आज करू की उद्या?"

*

मराठी मंडळानं उम्म मुबारकचा सत्कार ठरवला. मला एवढंच हवं होतं की स्टेजवर कुणीतरी दादाचं नाव घ्यावं. चिटणीस म्हणाले, "कार्यक्रम आनंदाचा आहे. श्रद्धांजलीला स्लॉट नाही." मी त्यांना नको ते बोललो. मला गप्प ठेवायला त्यांनी शाल-नारळाचं ताट धरायचं काम दिलं. मी घेतलं. म्हटलं, नारळ तरी हातात राहील.

*

शाल पांघरून उम्म मुबारक गायला लागली. पहिली ओळ संपली आणि ती थांबली. ताफाही थांबला. चिटणीसांनी साउंडवाल्याला खूण केली. तो म्हणाला, "माइक चालू आहे, सर."

तिनं तीच ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा थांबली. आता ती माझ्याकडे बघत होती. दादा गेला तेव्हा ती खोलीवर आली होती. मी दादाच्या खोलीतला, हे तिला ठाऊक होतं.

मी ताट चिटणीसांच्या हातात कोंबलं.

"व्हय म्हाराजा," म्हणालो. आवाज नीट फुटलाच नाही.

तिनं माइक तोंडाजवळ घेतला.

"महेश इससे जोर से बोलता था."