टिटवीच्या वाटचं डोकं

पाणी ओलांडलेलं मांजर परतत नाही, म्हणून मांजर्लीतल्या आमच्या सोसायटीने नकोशी मांजरं पोत्यात घालून नदीतल्या बेटावर सोडली. तेव्हापासून एक मावशी रोज सकाळी बांगड्याची डोकी घेऊन तिथे जाते. नाव मी विचारलं नाही. निसरड्या दगडांवरून फक्त हात देतो.

बेटावर टिटव्या उघड्यावरच अंडी घालतात. हल्ली नुसती फुटकी कवचं दिसतात.

"मावशी, ही मांजरं अंडी..."

"पोट भरलेलं मांजर कुणाच्या वाटेला जात नाही, भाऊ."

डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालत होती. "बघा, हीपण जेवायला मागते!" मावशी हसली आणि एक डोकं तिच्यासाठी बाजूला ठेवलं. तेही मांजराने उचललं.

मग तिने परतीसाठी हात पुढे केला. मी तो धरला.