रिकामा डबा परत पाठवू नये

आमच्यात कुणाचा डबा रिकामा परत पाठवत नाहीत. काही नसलं तर तळाला चिमूटभर साखर तरी घालतात. मी डोंबिवलीहून घोडबंदर रोडला मुलाकडे महिन्यातून एकदोनदा डबा पाठवते, कधी चिवडा, कधी मेथीचे लाडू, आणि तो भरून परत येतो. अक्रोड, ओट्स, बदाम, कसल्यातरी महागड्या बिया. आमचे हे शेजारच्यांना झाकण उघडून दाखवायचे, "पोराने पाठवलंय." मीही फुशारले होते, खोटं कशाला बोलू?

पाकिटावर तारीख असते, डब्यावर नसते. पण माझं नाक शाबूत आहे. पिठाला आलेला कुबट वास, शेंगदाण्याचा खवटपणा मला लांबून कळतो. पहिल्यांदा अक्रोडांना जुन्या तेलाचा वास आला तेव्हा म्हटलं, दुकानदाराने पोराला फसवलं असेल. पुढच्या वेळी ओट्समध्ये जाळी निघाली. त्यानंतर मी म्हणणंच सोडलं. चाळायचं, उन्हात घालायचं, भाजायचं आणि खपवायचं. ह्यांना सांगितलं नाही. डबा आला की त्यांचा दिवस बरा जातो, तो कशाला नासवा?

मग मागच्या महिन्यात ह्यांचं पोट बिघडलं. दोन दिवस उलट्या. डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं काही खाल्लंत?" हे म्हणाले, "छे, सगळं घरचंच."

ते जरा सावरल्यावर मी स्वतःच डबा घेऊन मुलाकडे गेले. सून ऑफिसला गेली होती, तो घरूनच काम करत होता. निघायच्या वेळी त्याने कपाटातून अक्रोडांचं पाकीट काढलं, मागची तारीख वाचली, तोंड वाकडं केलं, आणि कात्रीने कोपरा कापून सगळे माझ्या डब्यात ओतले. मी दारातच उभी होते. आजवर मनातल्या मनात सुनेवर खापर फोडत होते, तीही सोय गेली.

"तारीख काय आहे रे?"

"अगं, दोन महिने झालेत फक्त. एक्सपायरी म्हणजे लगेच विष होत नाही काही."

"मग तुम्हीच खा की."

"घरात छोटी आहे, आई. रिस्क कशाला?" तो जरा चिडलाच. "आणि फेकवत नाही मला. तूच शिकवलंस ना, अन्न टाकायचं नाही?"

शिकवलं होतं. पानातली कारल्याची भाजी संपेपर्यंत मी त्याला उठू दिलेलं नाही. पण नातीला जे बाधेल ते आजोबांना चालतं, हे मी कधी शिकवलं? शाळेत शिकवत होते तेव्हा माझ्या जिभेला मुख्याध्यापकसुद्धा वचकून असायचे. त्या दिवशी तोंडातून एवढंच निघालं, "बरं, येते मी." बस ट्रॅफिकमध्ये तासभर रखडली, आणि तो डबा मी शहाण्यासारखी मांडीवर धरून बसले होते.

घरी आल्यावर तडक ओल्या कचऱ्याच्या बादलीकडे गेले, तर हे मागून आले आणि त्यांनी डबा हातातून काढून घेतला. खुर्चीत बसून एक अक्रोड तोंडात टाकलासुद्धा.

"अहो, तारीख गेलीय त्यांची. तो स्वतः म्हणाला."

"माहितेय."

"कधीपासून?"

"पहिल्या डब्यापासून. मलाही नाक आहे गं."

"मग आजारी पडेपर्यंत खात का राहिलात?"

त्यांनी डब्यातून दुसरा अक्रोड उचलला. मग म्हणाले, "मी टाकलं असतं, तर तुला कळलं असतं."

त्या संध्याकाळी मला ह्यांचाच इतका राग आला, की पोरावर रागवायचं राहूनच गेलं.