तीन टोच्यांची नानकटाई

मी वसईतलं आमचं माणिकपूर सोडलं ते दोन जानेवारीला, सकाळी, पाव बाहेर पडायच्या वेळेला. टॅक्सी आमच्या बेकरीसमोर उभी, आई मागच्या सीटवर माझ्या बॅगांशी झटापट करतेय, आणि पप्पा आत. वेळ नव्हता अशातला भाग नाही. भट्टीत माल असताना त्यांनी कधी कोणाला निरोप दिला नाही, स्वतःच्या सासऱ्यांनाही नाही. शेवटी आले, बनियनवर पीठ, खिडकीतून माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नाताळला ये. मला खुणा ओळखू येत नाहीत." संपलं. मुलगी शिकायला कॅनडाला निघाली होती आणि बापाला पडलं होतं नानकटाईचं.

तुमच्यापैकी जे तिथेच राहिले त्यांना खुणा सांगायला नकोत. जे माझ्यासारखे उठून आले आणि ज्यांची मुलं इथेच जन्मली, त्यांच्यासाठी सांगते. डिसेंबरच्या मध्यापासून घराघरांतून नानकटाईचं पीठ आमच्याकडे यायचं. मळायचं आपल्या घरी, आपल्या आजीच्या मापाने, आणि भाजायचं आमच्या भट्टीत. दुपारी पावाचा शेवटचा घाणा निघाला की भट्टीचा ताव उतरतो, तोच नानकटाईला लागतो. एका वेळी आठ-दहा घरांचे ट्रे आत जायचे. नावाच्या चिठ्ठ्या तुपाने भिजायच्या नाहीतर जळायच्या, म्हणून प्रत्येक घराची आपली खूण, कच्च्या नानकटाईवरच दाबलेली. शाळेतल्या बाईंची अंगठी, रेमंदमामांचं बाटलीचं बूच, कोपऱ्यावर मासे विकणाऱ्या फिलूमावशीचा सरळ अंगठाच. आमचे तीन टोचे, काडेपेटीच्या काडीने. आई म्हणायची, ते पवित्र त्रैक्य आहे, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. पप्पा म्हणायचे, कसलं त्रैक्य, भट्टीपाशी काडी हाताशी असते म्हणून. मी दहा वर्षांची असल्यापासून सगळ्या खुणा माझ्या डोक्यात होत्या. पप्पा लांब दांड्याच्या फावड्याने ट्रे ओढायचे आणि मी घराचं नाव सांगायचे.

पहिल्याच नाताळात पप्पांनी घोळ घातला. फिलूमावशीचा ट्रे बाईंकडे आणि बाईंचा फिलूमावशीकडे. मावशीने मला थेट व्हिडिओ कॉल केला. "तुझ्या बापाने मला बाईंची नानकटाई दिली. साखर नावालाही नाही गं. तूच ये बाय, ह्याचं काही खरं नाही." मी कॉफी शॉपच्या शिफ्टवर होते, मागच्या दाराशी उभी राहून पोट धरून हसले. पुढच्या वर्षी पीआरची, इथे कायम राहायच्या परवान्याची, फाइल अडकली होती. त्याच्या पुढच्या वर्षी नवी नोकरी. सबबी मागाल तेवढ्या देते. पप्पा मात्र दर वर्षी फोन ठेवताना तेच म्हणायचे, नाताळला ये, खुणा ओळखू येत नाहीत.

तोवर बेकरीसमोरचं कॉलेज वाढत होतं. दोन नव्या इमारती झाल्या, आजूबाजूला पीजी झाले, आणि आमची गल्ली एकेक दुकान करत बदलली. फिलूमावशी गुडघ्यांनी घरी बसली, तिच्या कोपऱ्यावर नेल स्टुडिओ आला. तांदळाच्या भाकरीबरोबर बोंबलाचं कालवण देणारी खानावळ गेली, तिथे मोमो. हार्डवेअरच्या जागी शॉर्मा. मी कॉलेजच्या मुलांना नावं ठेवत नाही. नालासोपाऱ्याच्या एका खोलीत पाच जणांत अभ्यास करणाऱ्या पोरीला अर्धा तास एसीत, दिव्यांच्या माळेखाली बसावंसं वाटलं तर तिचं काय चुकलं? मीसुद्धा इथे तेच करत होते. आणि मुलांचं कशाला, आपलीच माणसं काय वेगळी होती? फ्लॅट झाले, ओव्हन आले, नानकटाईचे तयार डबे घरपोच यायला लागले. शेवटच्या नाताळात आमच्या भट्टीत चार घरांचे ट्रे होते. चार ट्रे ओळखायला कोणी लागत नाही, तरीही पप्पा म्हणालेच, खुणा ओळखू येत नाहीत. ते मला तेव्हा कळायला हवं होतं.

एक कॅफेवाला बेकरीची जागा भाड्याने मागायला आला तेव्हा पप्पा वर्षभर टोलवत राहिले. त्यांच्या खांद्याने कधीच दगा दिला होता, फावडं उचलवत नव्हतं. आई मला रोज सांगायची, तू बोल, तुझं ऐकतील. मी बोलले. इथे बसून सगळं सोपं दिसतं. म्हटलं, "पप्पा, देऊन टाका. समोरची पोरं तुमचा पाव खात नाहीत."

ते म्हणाले, "भट्टी विझवली की ओल धरते, बाय. विटा सुटतात. परत उभी राहत नाही."

मी म्हटलं, "मग नाही राहिली तर नाही राहिली."

हे वाक्य माझं आहे, आईचं नाही, कॅफेवाल्याचं नाही. आठवड्याभरात त्यांनी सही केली. माझं ऐकतील, हे आईने बरोबर ओळखलं होतं.

त्यानंतर मे महिन्यात मी गेले. आठ वर्षांनी. पप्पांना म्हटलं, चला, आपल्याच जागेत कॉफी पिऊ. काय बुद्धी सुचली कोण जाणे. भट्टी पाडून तिथे टेबलं लावली होती, पण तिचं लोखंडी दार ठेवलं होतं, भिंतीला ठोकून, भोवती पिवळे दिवे. दोन मुली त्याच्यासमोर फोटो काढत होत्या. पप्पांनी कोरा चहा मागितला, तो नव्हता. त्या मुली बाजूला झाल्यावर ते उठले आणि दाराला तळहात लावला, आयुष्यभर ताव बघायला लावायचे तसा. मी बघत होते. हात तसाच राहिला, जरा जास्तच वेळ. मग येऊन बसले आणि म्हणाले, "चल, आई वाट बघत असेल." मला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं, आणि मी कॉफी संपवली.

इथली मुलं मला विचारतात, तुझं होम कुठे. मी वसई म्हणते, ते नकाशावर शोधतात आणि त्यांना सापडतंही. मला सापडत नाही. माझं घर म्हणजे ती दुपारची वेळ होती, जेव्हा आपली नानकटाई दुसऱ्याच्यात मिसळेल अशी भीती असायची. ती भीती मी स्वतःच्या तोंडाने संपवली. आता कोणी म्हणालं परत ये, तर नक्की कशाकडे परत यायचं?

परवा रविवारी मी माझ्या बेसमेंटमधल्या छोट्या ओव्हनमध्ये नानकटाई केली, आईच्या मापाने. बरी झाली. पप्पांना कॉलवर ट्रे दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फोन डोळ्यांजवळ नेला.

"टोचे कशाला घातलेस?" त्यांनी विचारलं. "तिथे कोणाच्यात मिसळणार आहे?"

रागाने नाही, सहज विचारलं. मग खांद्याबद्दल बोलले, आईच्या औषधांबद्दल बोलले, आणि फोन ठेवला. नाताळला ये, हे या वेळी म्हणाले नाहीत. स्क्रीन काळी झाल्यावरही मी ट्रे तसाच धरून उभी होते, ते म्हणतील म्हणून.